बाईंची गाडी पुलावर का थांबते

बाईंच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर पांढऱ्या चिकटपट्टीचं लेबल होतं. त्यावर निळ्या शाईत 'मीठ' आणि खाली 'चव घेऊन खात्री करू नये'. शेजारच्या साखरेवर 'विरघळते' एवढंच. हळदीच्या डब्यावर 'दर्शक' असं लिहिलेलं होतं, कारण हळद साबणाच्या पाण्यात लाल होते आणि बाईंच्या लेखी तेच तिचं खरं काम. फोडणीत पडणं हा तिचा जोडधंदा.

मी मुलुंड पूर्वेला त्यांच्या घरी तीन वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिले. पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीच्या दारावर माझ्या नावाची चिकटपट्टी लागली. नावाखाली गुणधर्म लिहायला जागा सोडली होती. ती कितीतरी महिने कोरीच होती. विचारलं की म्हणायच्या, "निरीक्षण चालू आहे."

बाई शिक्षिका नव्हत्या. मुलुंडच्याच एका शाळेत त्या तीसेक वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या, पण परीक्षानळ्या धुणाऱ्या बाईलाही मुलं बाईच म्हणतात आणि ते नाव पुढे सगळ्या वस्तीनं उचललं. विज्ञानाच्या शिक्षकांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "ते फळ्यावर सिद्ध करायचे," त्या म्हणत, "घडायचं ते माझ्या टेबलावर." निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मुख्याध्यापक त्यांच्या निष्ठेवर वीस मिनिटं बोलले आणि भाषणभर त्यांचं आडनाव चुकीचं घेत राहिले. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. बाईंनी ते उघडलं, दुरुस्त केलं आणि भाषणापेक्षा ते बरं निघालं असा निर्वाळा दिला.

शाळेतून निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली होती, प्रात्यक्षिकाच्या कोऱ्या जर्नलांचा गठ्ठा. डावं पान आकृतीसाठी कोरं, उजवं रेघांचं. त्यात उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. घरात काहीही बिघडलं की त्याचा प्रयोग व्हायचा. मी राहायला आल्यावर मिक्सर बंद पडला तेव्हाची नोंद मी वाचली आहे. 'साहित्य: मिक्सर, स्क्रू ड्रायव्हर, जुनं वर्तमानपत्र, भाडेकरू (एक).' शेवटी मोटर जळल्याचं निघालं. बाईंनी तसं लिहिलं, खाली सही केली आणि तो मिक्सर जरासुद्धा हळहळ न करता भंगारवाल्याला दिला. लोक त्यांना जुनं सोडवत नाही म्हणायचे, ते खरं नव्हतं. त्यांना काहीही सोडवत असे, फक्त आधी कारण कळायला हवं.

"कारण कळल्याशिवाय मयत उचलायचं नाही," असं त्यांचं वाक्य होतं.

जर्नलाचे दोन नियम होते. चुकलं तर खोडरबर नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. दुसरा नियम त्या जास्त कडकपणे पाळत. अनुमान आधी लिहायचं नाही. "पोरांना उत्तर ठाऊक असतं ना, म्हणून ती आधी अनुमान लिहितात. मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं जमवतात. तीस वर्षं मी हेच बघितलं. मोठेपणी तीच पोरं कमिट्यांवर जातात."

हा शेवटचा टोमणा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला होता. तो बाईंच्याच शाळेत शिकला होता आणि आता पन्नाशीला आला होता. साधं 'लिफ्ट बंद आहे' हे त्याला लिहिता येत नसे. 'सदर उद्वाहन तांत्रिक कारणास्तव सेवेत उपलब्ध नसून' असं सुरू होऊन नोटीस दुसऱ्या कागदावर जायची. सगळी इमारत त्याला साहेब म्हणे. बाई त्याला 'दहावी ब' म्हणत.

आता गाडी. ती विजेवर चालणारी दुचाकी होती. स्वस्तात स्वस्त, पेपरमिंटच्या रंगाची, आणि अशी हलकी की वारा सुटला की स्टँडवर डुलायची. तिला नंबरप्लेट लागत नाही, लायसन लागत नाही, कारण तिचा वेग चिडलेल्या कुत्र्याहून कमी. ज्या दुकानातून घेतली तिथे आता केक मिळतात. तिचा बॅटरीचा काटा कायम 'पूर्ण' दाखवायचा. डावीकडे वळायचा दिवा लावला की हॉर्न वाजायचा. सीट पावसाळ्यात फुगायची. हे सगळे दोष जर्नलात क्रमांकाने नोंदलेले होते आणि त्यांतले निम्मे बाईंनी स्वतः दुरुस्त केले होते. डाव्या पानावर तिच्या वायरिंगची आकृती होती. पट्टीने आखलेली, एकेका तारेचा रंग लिहिलेला.

ही गाडी होती आक्कांसाठी. आक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. त्या रेल्वेच्या पलीकडे, मुलुंड पश्चिमेला राहत. वय ऐंशीच्या पुढे, आणि मन बहुतेक वेळ कणकवलीजवळच्या गावात, लग्नाआधीच्या घरात. दिवसा सांभाळायला एक आया होती, पण आक्का तिच्या हातून घास घेत नसत. बाई जाऊन बसल्या, मऊ भात कालवला, बोंबलाचं कालवण घातलं, की तोंड उघडायचं. तेही एक वाजायच्या आत. त्यापुढे उशीर झाला की आक्का तोंड मिटून भिंतीकडे वळत आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही घेत नसत. रिक्षावाल्यांना एवढं जवळचं भाडं नको असे. पादचारी पुलाचे जिने बाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. म्हणून रोज साडेबाराला डबा हुकाला लावून बाई गाडीवर बसत, रुळांवरचा मोठा पूल चढत आणि उतरत.

मी राहायला आले त्या वर्षी गणपती झाल्यावर एक दिवस बाई डाव्या गुडघ्याला पट्टी बांधून बसलेल्या दिसल्या. "न्हाणीत पडले," म्हणाल्या. मी काही लावू का विचारलं, तर "तू ऑफिसला जा" एवढंच उत्तर मिळालं.

त्यानंतर आठवड्याभरात गाडी पुलावर थांबायला लागली. बरोबर चढाच्या मध्यावर. सपाटीवर ठीक, गल्लीत ठीक, पूल चढायला लागली की अर्ध्यावर मोटर गप्प. मागून हॉर्न, शिव्या. बाई उतरून ती ढकलत माथ्यापर्यंत नेत, आणि तिथे बसल्या की गाडी काही झालंच नाही अशी सुरू. असं दोन आठवड्यांत पाच वेळा झालं. त्यांतले तीन दिवस आक्का उपाशी राहिल्या. आक्कांची आया फोनवर म्हणाली, "ताई, आक्कांचे हात बघा, बांगड्या कोपरापर्यंत चढतात आता."

मेकॅनिकने गाडी ठेवून घेतली, स्वतः तीनदा पूल चढून आला. एकदाही थांबली नाही.

"मावशी, बॅटरी चढावर दम सोडते कधीकधी," तो म्हणाला. "हिच्यात किती टाकणार? सोडा ना. नवी घ्या."

"तू चढलास तेव्हा दम नाय सोडला तिने?"

"नाही."

"मग माझ्यावर काय राग तिचा?"

 बंगळुरूहून मुलीचाही फोन आला. "आई, टाकून दे ती. मी चांगल्या कंपनीची घेऊन देते." चांगल्या कंपनीच्या गाडीला लायसन लागतं आणि बाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा त्यांच्या भाषेत 'रांगेत' होता. मुलीचं पुढचं वाक्य त्यांना ठाऊक होतं, ते तिने म्हटलंही. "नाहीतर बंदच कर ना हे गाडी चालवणं. आक्कामावशीला एखाद्या आश्रमात ठेवू, तिथे नर्स असतात."

बाईंनी फोन ठेवला, जर्नल उघडलं आणि मी बघत असताना शाईने लिहिलं: 'अनुमान: विकणारा लबाड. जुनी बॅटरी नवी म्हणून दिली.' वरची निरीक्षणाची जागा कोरी होती. इतक्या महिन्यांत त्यांना नियम मोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. 

तेवढ्यात नोटीस लागली. सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी प्रवेशद्वाराशी कारंजं बसायचं होतं, आणि ते नेमकं बाईंची गाडी उभी राहते तिथे. 'सदर आवारातील मृतावस्थेतील वाहने रविवारच्या सभेत ठराव संमत करून हटविण्यात येतील.' आवारात तशी एकच गाडी होती, पण अनेकवचनात दरारा असतो.

सेक्रेटरी जिन्यात भेटला. "मॅडम, वैयक्तिक काही नाही. पण बंद वाहन म्हणजे..."

"मेल्या, मृत्यूचा दाखला कोणी दिला रे?" बाई म्हणाल्या. "कारण काय लिहिलंस?"

"कारण नाही, ठराव आहे."

"तेच म्हणते मी."

त्या शुक्रवारी मी रजा घेतली होती. मेकॅनिकने तोडगा काढला होता. त्याच्याकडे तशीच, लायसन न लागणारी नवी गाडी विकायला होती. ती दिवसभर चालवून बघा आणि मग ठरवा, असं तो म्हणाला. बाईंना ते पटलं. "तुलना केलीच पाहिजे," म्हणाल्या. नव्या गाडीला डबा लावला आणि निघाल्या. मुलीने मला गुपचूप फोन करून मागे राहायला सांगितलं होतं, म्हणून मी रिक्षा शोधली. दोघांनी भाडं नाकारलं. तिसऱ्याला म्हटलं, पुढे जाणाऱ्या त्या आजींच्या मागे मागे हळू चल. त्याला त्यात गंमत वाटली.

पुलाचा चढ सुरू झाला. मागून एक बस आली, तिने हॉर्न दिला आणि बाजूने निघून गेली. बाई थोड्या पुढे गेल्या आणि बरोबर त्याच जागी, मध्यावर, कोरी करकरीत नवी गाडी थांबली.

"मॅडम," रिक्षावाला म्हणाला, "आंटी ब्रेक दाबून चढतेय काय? लाल बत्ती बघा ना, कधीची चालू आहे."

मी बघितलं. गाडीच्या पाठीमागचा लाल दिवा लागलेला होता. बाई उतरल्या, दिवा विझला. मी रिक्षातून उतरले आणि दोघींनी मिळून गाडी माथ्यावर नेली. एकला पाच मिनिटं असताना पोचलो. आक्कांनी चार घास घेतले.

घरी परतल्यावर बाई एकाच वेळी जिंकल्यासारख्या आणि हरल्यासारख्या दिसत होत्या. "बघितलंस ना? नवीसुद्धा थांबली. कारण न शोधता दुसरी घेतली असती तर तीही घरात येऊन मेली असती." मग त्यांनी संध्याकाळी मला दोन्ही गाड्यांवरून पूल चढायला लावला. जुनी चढली. नवीही चढली. मी परत आले तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर जर्नल मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"दोन गाड्या," त्या म्हणाल्या. "पूल एक. तुला चालते, त्या मेकॅनिकला चालते. बदलत नाही असं राहिलं काय?"

  मग पेनाचं टोपण लावून त्या भात टाकायला गेल्या.

मी सांगितलं शनिवारी दुपारी, बाई आक्कांना जेवू घालून आल्यावर. एक दिवस मी तो लाल दिवा मनातच ठेवला होता, कारण सत्तरीच्या बाईला तिचाच हात दाखवायचा कसा हे मला सुचत नव्हतं. त्या दुसऱ्या दिवसाचे बोंबील साफ करत होत्या.

"बाई, काल मागचा लाल दिवा लागला होता."

सुरी थांबली. "कधी?"

"चढताना. बसने हॉर्न दिला तेव्हापासून गाडी थांबेपर्यंत."

"नवीचा?"

"हो."

"हे निरीक्षण झालं. अनुमान काय?"

"ते मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता घाई करू नये."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि जर्नल आणलं. डाव्या पानावर त्यांच्याच हातची आकृती होती. दोन्ही ब्रेकच्या दांड्यांपाशी त्यांनी दोन छोटे स्विच काढले होते आणि नीट अक्षरात लिहिलं होतं: 'दांडी किंचित दाबताच दिवा लागतो, मोटरचा प्रवाह तुटतो.' बाईंनी त्या दोन स्विचांवर बोट ठेवलं.

"मी न्हाणीत पडले नव्हते गो," त्या म्हणाल्या.

पुलावर पडल्या होत्या. मागून बसने जोरात हॉर्न मारला आणि त्या कठड्याच्या बाजूला कलंडल्या. कोणी ओळखीचं नव्हतं. उठल्या, डबा सांडला नव्हता, आक्कांना जेवू घालून आल्या. तेव्हापासून चढ लागला की आठही बोटं ब्रेकवर.

"माका ठावक आसा, मी घाबरतंय ता. पण सांगू कोणाक? पोरीला सांगितलं तर ती गाडी काढून घेईल आणि आक्काला आश्रमात टाकेल. म्हणून मी ते लिहिलंच नाही. मग काय, निरीक्षणच गाळलं तर अनुमान कुठून येणार? लबाड म्हणून दुकानदार सापडला."

असं म्हणून त्यांनी 'विकणारा लबाड' या ओळीवर पट्टीने एक रेघ मारली. खालचं नीट वाचता येत होतं. बाजूला सही केली. वर निरीक्षणाच्या जागेत पुलावर पडल्याचं तारीखवार लिहिलं. आणि खाली: 'अनुमान: गाडीत दोष अनेक. हा तिचा नव्हे. गाडी बदलू नये. चालकाची सवय बदलावी.' मग पान माझ्याकडे वळवलं. शिक्षकांच्या सहीची जागा रिकामी होती.

"मी कुठली शिक्षक?" मी म्हटलं.

"मीपण नव्हते. कर सही."

नवी गाडी परत गेली. संध्याकाळी बाईंनी जुन्या गाडीच्या ब्रेकच्या दांडीवर चिकटपट्टी लावली, 'गरज असेल तेव्हाच'. मुठीवर दुसरी, 'बोटं इथे'. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगला एक उतरण आहे. बाई तीच चढायला लागल्या. मला मागे उभं केलं आणि अचानक ओरडायला सांगितलं. मी ओरडले की लाल दिवा लागायचा. "लागला?" "लागला." "पुन्हा." कितव्या वेळी तो लागला नाही ते मी मोजलं नाही, माझा घसा बसला होता आणि तीन मजल्यांवरचे लोक खिडकीत आले होते. सेक्रेटरी खाली आला.

"मॅडम, हे काय चाललंय? उद्या ठराव आहे."

"उद्या साडेबाराला पुलाशी ये. प्रात्यक्षिक बघ, मग ठराव लिही."

"पण ठराव टाइप झालाय."

"ठाऊक आहे. दहावीतही तू असंच करायचास."

रविवारी सकाळी मी खोलीतून बाहेर आले तर दारावरच्या माझ्या नावाखालची जागा भरलेली होती. 'खरं सांगते. एक दिवस लागतो.' बाई स्वयंपाकघरात डबा भरत होत्या.  मग मुलीला फोन लावून त्यांनी पुलावर पडल्याचं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी बाई म्हणाल्या, "आज बघते. नाही जमलं तर तुझं ऐकेन," आणि फोन ठेवला. त्यांनी असं वचन कोणाला दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

साडेबाराला मी पुलाच्या पायथ्याशी उभी होते. शेजारी सेक्रेटरी, बगलेत फाइल, इस्त्रीचा शर्ट. बाई आमच्यासमोरून गेल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. पेपरमिंटची गाडी, हुकाला डबा, आणि मुठींवर अंगठे सोडून बाकीची बोटं अशी गच्च गुंडाळलेली की सांधे पांढरे दिसत होते. पण ब्रेकवर एकही नव्हतं.

चढ सुरू झाला. गाडीचा वेग आधीच बेताचा, तो आणखी कमी झाला. मागून बस आली. ती अगदी जवळ आली आणि तिने हॉर्न दिला, लांबलचक, जसा तिथे रोज देतात. सेक्रेटरीने फाइल दुसऱ्या बगलेत घेतली. मी त्या मागच्या दिव्याकडे बघत होते. बस बाजूने गेली. बाईंचा पदर फडफडला, खांदे एकदा वर गेले आणि तसेच राहिले. मध्याची जागा आली. मागे पडली.

"थांबली नाही," सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

गाडी लहान होत होत माथ्यावर पोचली, आणि तिथे लाल दिवा लागला. सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं. 

पुढे उतार होता. तिथे ब्रेक लावायचाच असतो.